वाचकांचे प्रश्न : फ्यूजचा पितळी रोटर

प्रश्न : आमचं सीएनसी टर्निंगचं (संगणकी लेथवरच्या कामाचं) छोटं वर्कशॉप आहे. तोफगोळ्याच्या फ्यूजमधल्या (गोळा नेमक्या वेळी फोडणाऱ्या भागातल्या) 'सेफ्टी अँड आर्मिंग' यंत्रणेसाठी पितळी रोटर आणि स्टीलच्या स्प्रिंगा करून द्याल का, अशी चौकशी आली आहे. साध्या टर्निंगचाच दर लावावा का? (वाचक, जळगाव एमआयडीसी)

उत्तर : तो दर लावलात तर बुडाल. आधी काम समजून घ्या. फ्यूजमधला डिटोनेटर, म्हणजे स्फोटाची सुरुवात करणारा छोटा भाग, अतिशय नाजूक, म्हणून तो रोटर या वळणाऱ्या भागात आडवा ठेवतात. चुकून उडालाच तर पुढच्या स्फोटकापर्यंत पोचत नाही. रोटरला दोन स्वतंत्र अडसर असतात. एक तोफ डागल्याच्या धक्क्याने सुटतो, दुसरा गोळा गरगर फिरू लागल्यावर. दोन्ही सुटले की रोटर वळतो आणि डिटोनेटर स्फोटकाच्या रेषेत येतो. पेटी ट्रकमधून पडली तर धक्का बसेल, पण फिरकी मिळणार नाही.

म्हणजे हा भाग वर्षानुवर्षं हलता कामा नये आणि नेमक्या क्षणी अडकताही कामा नये. बहुतेक रिजेक्शन इथेच होतं. आडव्या भोकाच्या आतल्या कडेला राहिलेली केसाएवढी बर (कापताना उरलेली धातूची धार) नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, गो गेजही (भोकाचं माप तपासायचा दांडा) आरामात आत जातो. मात्र जुळणीत रोटर अडतो. डिबरिंगनंतर दहापट भिंगाखाली तपासणी आणि अल्ट्रासॉनिक धुलाई दरात धराच.

प्लेटिंगचं, म्हणजे वरून दिलेल्या धातूच्या मुलाम्याचं, गणित वेगळं. ८ मायक्रॉनचा थर दिला की बाहेरचा व्यास १६ मायक्रॉनने वाढतो, भोक तेवढंच लहान होतं. ड्रॉइंगवरचं माप प्लेटिंगआधीचं की नंतरचं, हे लेखी विचारा. कडक स्टीलच्या स्प्रिंगा प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुमारे १९० अंशांवर भाजायला घाला. नाहीतर धातूत शिरलेला हायड्रोजन त्या ठिसूळ करतो आणि स्प्रिंग नंतर कधीतरी, ताणाखाली असताना तुटते.

आपल्याकडचा उन्हाळाही मापात धरा. मापं २० अंशांची असतात. शेडमध्ये ४५ अंश असताना २० मि.मी.चा पितळी जॉब साडेनऊ मायक्रॉन मोठा भरतो. स्टीलचा गेजही फुगतो, पण पितळेपेक्षा कमी. तपासणीची खोली एसीची हवी.

आणि तयार माल गोठ्याजवळ किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. ताण राहिलेलं पितळ अमोनियाने तडकतं. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवल्यामुळे अशीच तडकली होती.

प्रश्न : हा माल वरणगाव किंवा भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीला देता येईल का? (तेच वाचक)

उत्तर : वरणगावला छोट्या शस्त्रांच्या गोळ्या होतात आणि रायफलच्या साध्या गोळीत फ्यूज नसतो. भुसावळचं काम मुख्यतः दारूगोळ्याच्या पेट्यांचं. १ ऑक्टोबर २०२१ पासून वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे, भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडिया या सरकारी कंपनीकडे. टेंडर तिथली पाहा. उद्यम नोंदणी असेल तर लघुउद्योगाला अनामत रकमेतून सूट मिळते. परवान्याचं मात्र ग्राहकाकडून लेखी घ्या: स्फोटक भरायला तो लागतोच, सुट्या धातूच्या भागांसाठी डीपीआयआयटीची (केंद्र सरकारच्या उद्योग विभागाची) यादी बघावी लागते. ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर प्लेटिंगवाल्याला पाठवू नका. त्याला हवं तेवढंच माप कागदावर द्या.