इंग्लंडमध्ये हाउसिंग असोसिएशनच्या (कमी भाड्याची घरं देणाऱ्या ना-नफा संस्थेच्या) घराचं भाडं रास्त आहे का, हे कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की एप्रिलपासून भाडेवाढीचं पत्र आलं, वरच्या मजल्यावर अगदी तसाच दोन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि त्याचं भाडं मात्र कमी आहे, मग हा अन्याय नाही का? असेलही, पण शेजाऱ्याचा आकडा बघून ते ठरत नाही. एकाच जिन्यावर तीन वेगळ्या नियमांची भाडी असू शकतात. आधी भाडेकरार काढा आणि आपलं भाडं त्यातलं कोणतं ते बघा.

करार 15 जानेवारी 1989 च्या आधीचा असेल, तर बहुधा तुमचं भाडं कायद्याच्या अर्थाने ‘फेअर रेंट’ आहे. 1977 च्या रेंट अ‍ॅक्टप्रमाणे ते रेंट ऑफिसर हा सरकारी अधिकारी ठरवून नोंदवतो. घराचं वय, स्थिती, ठिकाण तो बघतो, आणि घरांच्या टंचाईमुळे बाजारभाव जेवढा फुगला असेल तेवढा वजा करतो. नोंदलेल्या रकमेपेक्षा एक पेनीही जास्त घेता येत नाही. पुढच्या नोंदणीत वाढ साधारणपणे आरपीआय (किरकोळ किंमत निर्देशांक) महागाई अधिक 5 टक्के यापलीकडे जात नाही. आकडा पटला नाही तर 28 दिवसांत हरकत घ्या, पण ट्रायब्युनल (असे वाद ऐकणारं न्यायाधिकरण) भाडं वाढवूही शकतं, हे लक्षात ठेवा.

करारात ‘अफोर्डेबल रेंट’ लिहिलं असेल, तर घर देताना बाजारभाड्याच्या 80 टक्क्यांपर्यंत भाडं लावता येतं. ही पद्धत 2011 पासूनची. या 80 टक्क्यांत सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या सामाईक सेवांचा आकार) धरलेला असतो. तो वेगळा लावून मर्यादा ओलांडली असेल तर तिथेच बोट ठेवा.

उरलेली बहुसंख्य घरं ‘सोशल रेंट’ची, म्हणजे सरकारी सूत्राने ठरणाऱ्या भाड्याची, आणि खरा हिशोब इथे आहे. एप्रिल 2000 मधलं देशाचं सरासरी आठवड्याचं भाडं 54.62 पाउंड धरतात. त्याच्या 70 टक्क्यांना तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सरासरी कमाईच्या गुणोत्तराने (ती भागिले देशाची सरासरी 316.40 पाउंड) आणि बेडरूमच्या गुणकाने गुणतात. उरलेल्या 30 टक्क्यांना घराच्या जानेवारी 1999 च्या किमतीच्या गुणोत्तराने (देशाची सरासरी 49,750 पाउंड) गुणतात. गुणक असे: एक बेडरूम 0.90, दोन 1.00, तीन 1.05, चार 1.10.

समजा काउंटीची कमाई 330 पाउंड, घराची 1999 ची किंमत 60,000 आणि बेडरूम दोन. पहिला भाग 39.88, दुसरा 19.76, बेरीज 59.64 पाउंड. हे 2000 सालचं भाडं. त्यावर सरकारी तक्त्यातली दरवर्षीची वाढ-घट चढवत आजपर्यंत यायचं. 2016 पासून चार वर्षं दरवर्षी 1 टक्का घट होती, ती सुटलेली नाही ना ते पाहा. या सूत्रात तुमच्या घरची कमाई कुठेच येत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे असं मला वाटतं. आयर्लंडमधल्या काउन्सिलच्या घरांत भाडं कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतं, इथे तसं नाही.

आता वरच्या मजल्याचं कोडं. वार्षिक वाढीची कमाल मर्यादा म्हणजे आदल्या सप्टेंबरची सीपीआय (ग्राहक किंमत निर्देशांक) महागाई अधिक 1 टक्का. सप्टेंबर 2022 ला महागाई 10.1 होती, म्हणजे वाढ 11.1 टक्के झाली असती. सरकारने राहत्या भाडेकरूंना एप्रिल 2023 मध्ये 7 टक्क्यांची मर्यादा घातली, पण सूत्राचं भाडं मात्र 11.1 ने वर गेलं. 100 पाउंडांचं भाडं जुन्या भाडेकरूला 107 झालं, आणि त्यानंतर आलेल्याला 111.10 लागू शकलं. शिवाय सबळ कारण दाखवून संस्था सूत्रावर 5 टक्के जास्त घेऊ शकते, म्हणजे 116.66. पुढे दोघांनाही सारखीच टक्केवारी लागत असल्याने ही दरी आपोआप मिटत नाही. तुम्ही 2023 नंतर राहायला आला असाल तर फरक नियमात बसतो. मला तो रास्त वाटत नाही, पण बेकायदा म्हणता येणार नाही.

चुका नेमक्या कुठे होतात? बेडरूमची संख्या चुकीची धरलेली असते, 1999 ची किंमत भलत्याच घराची लागलेली असते, किंवा सोशल रेंटचं घर संगणकात अफोर्डेबल म्हणून पडलेलं असतं. म्हणून संस्थेकडे लेखी मागा: भाड्याचा प्रकार, 1999 ची किंमत, बेडरूमचा गुणक, काउंटीची कमाई, 5 टक्के लावलेत का आणि का, आणि भाडं मुळात कोणत्या तारखेला किती ठरलं. एप्रिल 2026 ची वाढ 4.8 टक्क्यांहून जास्त दिसली (सप्टेंबर 2025 ची महागाई 3.8), तर आधी पत्रातला सर्व्हिस चार्ज वेगळा काढा. सोशल रेंटमध्ये त्याला ही मर्यादा लागू नाही. तो बदलता असेल तर खर्च वाजवी आहे का, हे ट्रायब्युनल तपासतं. ठरीव रकमेचा असेल तर तो मार्ग बंद असतो.

आठवडेही मोजा. 2024-25 मध्ये 53 सोमवार, म्हणजे भाड्याचे 53 आठवडे आले, पण युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारा सरकारी भत्ता) 52 आठवड्यांचाच हिशोब करतं. अशा वर्षी थकबाकी दिसली तर ती तुमच्या हलगर्जीपणाची नसते.

तक्रार आधी संस्थेकडेच करायची. भाडं किती असावं यावर हाउसिंग ओम्बुड्समन (घरांच्या तक्रारींचा लोकपाल) निकाल देत नाही, पण तक्रार कशी हाताळली ते बघतो. सोशल रेंट घेऊन ट्रायब्युनलकडे जाण्यात सहसा अर्थ नाही, कारण तिथे मोजमाप बाजारभाड्याचं असतं आणि तुमचं भाडं त्याच्या खालीच असणार. सूत्रच चुकीचं लावलं असेल तर तो भाड्याच्या सरकारी मानकाचा भंग आहे. तसं सोशल हाउसिंगच्या नियामकाला कळवा आणि संस्थेकडे जास्त घेतलेल्या पैशांचा परतावा मागा. भाडं सरकारी भत्त्यातून भरलं जात असेल, तर परताव्याचा तेवढा वाटा भत्ता देणाऱ्या खात्याचा असू शकतो, म्हणून तो खर्च करण्याआधी त्यांना कळवा.