सही करू नका, आधी शाळेचा दाखला शोधा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची सोळा वर्षांची पुतणी लॉजवरच्या धाडीत सापडली, आता ती बालगृहात आहे. एक वकील आपण होऊन घरी आला आणि म्हणाला, मुलगी एकोणीसची आहे असं लिहून द्या, चार दिवसांत बाहेर काढतो. मावशींनी सही करावी का?

अजिबात नाही. आधी त्या वकिलाची फी कोण देतंय ते विचारा. या कामात माझी वीसेक वर्षं गेली. न बोलावता दारात आलेला वकील बहुतेक वेळा दलालाचाच निघाला. 2002 साली देहविक्रीच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी काम करणाऱ्या प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने हीच पळवाट बंद केली: दलालाची किंवा कुंटणखानेवालीची वकिली करणाऱ्याला त्याच प्रकरणात मुलीच्या वतीने उभं राहता येत नाही. धाडीत सापडलेली अल्पवयीन मुलगी आरोपी नव्हे, तिला बाल कल्याण समितीपुढेच (अशा मुलांची काळजी आणि ताबा ठरवणारी जिल्ह्याची समिती) न्यायचं, हेही त्याच निकालात आहे.

सगळा खेळ वयाचा आहे. अठराच्या आत असेल तर 'स्वखुशीने गेली होती' या बचावाला पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, काही किंमत नाही. एकोणीस लिहिलं की पॉक्सो गळतो, समिती बाजूला होते, आणि तिला आणणारे लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात. म्हणून तर मुलींकडून 'अठरा पूर्ण' घोकून घेतलेलं असतं. एक मुलगी मला तीन महिने एकोणीसच सांगत होती. एकदा भाजी निवडता निवडता बोलून गेली, 'सातवीत होते तेव्हा लॉकडाऊन लागला.' मी मनातल्या मनात बोटं मोजली. तिची शाळा शोधायला तिथून सुरुवात झाली.

आधारवरच्या तारखेवर विसंबू नका, ती अनेकदा दलालानेच बदलून घेतलेली असते. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 94 मध्ये पुराव्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडांवरून वयाचा अंदाजच कळतो, त्यात एकदोन वर्षं इकडेतिकडे होतात आणि समोरचा वकील नेमकं तेच धरून बसतो. तेव्हा गावच्या शाळेत माणूस पाठवा आणि जनरल रजिस्टरचा (शाळेतल्या प्रवेशाच्या नोंदवहीचा) उतारा शिक्क्यासह आणा.

'आमची पोर कोंडून ठेवलीय' हे मावशींचं म्हणणं मला कळतं. बालगृह म्हणजे माहेर नव्हे. भेटीसाठी तासन्‌तास ताटकळवून 'साहेब नाहीत' म्हणून परत पाठवलेले आईबाप मी पाहिलेत, आणि त्यावर भांडलेही आहे. पण तिला मुंबईत आणलं कोणी? घरातलंच कोणी असेल, तर घाईने घरी नेणं म्हणजे पुन्हा त्याच हातात देणं. समिती घरची चौकशी करायला लावते ती यासाठीच. या चौकशीच्या अहवालाला 15 दिवस आणि अंतिम आदेशाला चार महिने, अशी कायद्यातली मुदत आहे. चौकशीला कोणी आलं तर मावशींनी काही लपवू नये.

कोर्टाची भीती थोडी कमी करते. पॉक्सोत जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसतात, खटला बंद दाराआड चालतो, आरोपी तिच्या नजरेस पडू देत नाहीत आणि वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. वर्षभरात निकाल शक्यतो लागावा असं कायदा म्हणतो. तारखा मात्र पडतातच. त्या काळात तिच्यासोबत राहणारी 'सहायक व्यक्ती' समितीकडे मागून घ्या, ती आपोआप मिळेलच असं नाही. नुकसानभरपाईसाठी मनोधैर्य योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. खटला संपायची वाट बघू नका, अंतरिम रक्कमही मागता येते.

मुंबई शहर आणि उपनगर हे वेगळे जिल्हे, त्यांच्या समित्याही वेगळ्या. मुलीला कुठल्या समितीपुढे उभं केलं होतं ते आदेशाच्या प्रतीवर बघा, नाहीतर उगाच हेलपाटा पडेल. जाताना मूळ दाखला, दोन झेरॉक्स आणि मावशींचं ओळखपत्र घ्या. वकील पुन्हा आला तर त्याचं नाव आणि नंबर लिहून समितीलाच द्या.

आणि प्रश्नात तुम्ही वस्तीचं आणि लॉजचं नाव लिहिलंय, ते आत्ताच काढून टाका. मुलीची ओळख पटेल असं काहीही छापणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, आणि त्या गल्लीतली माणसंही हे वाचत असतात.