सासूबाईंची विळी आणि रांगतं बाळ

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची आहे, पोटावर सरकायला लागलीय. सासूबाई खाली बसून विळीवर भाजी चिरतात. त्यांना न दुखवता घरात काय बदलू? वॉकर घ्यावा का?
– एक आई, सातारा

उत्तर : आधी तुम्ही रांगा. दार लावून, गुडघ्यांवर, घरभर. पलंगाखालची सेफ्टी पिन, चार्जरची लोंबती वायर उभ्याने दिसत नाही.

विळी सुटणार नाही, सोडवूही नका. मिटणारी विळी आणा. चिरून झालं की मिटून ओट्यावर. हे सांगायचं काम नवऱ्याचं. लेकाचं ऐकतात हो आया!

माझा जास्त धसका देवघराचा. कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. डबी वरच्या फळीवर ठेवा, कपाटातल्या डांबरगोळ्याही. रिमोटमधला चपटा बटन सेल त्याहून वाईट. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा.

पाणी दिवसाआड येत असेल तर बादल्या भरून ठेवणं आलंच. मग न्हाणीला बाहेरून कडी, वर, मोठ्यांच्या हाताला येईल अशी. बाळ डोक्यावर बादलीत पडलं तर वितभर पाणीही पुरतं, आणि आवाजही होत नाही.

वॉकर नकोच. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. कुणी भेट दिला तर चाकं काढून त्यात खेळणी भरा.