फायटर माशाला पाच लिटरचा गोल बाउल पुरतो का?

नाही पुरत. वन बीएचकेत जागा नाही म्हणता, तर आम्हीही नेरूळला तेवढ्याच घरात राहतो. आमची टाकी ओट्याच्या टोकाला मिक्सरशेजारी मावली.

पहिला फायटर आमच्या भाऊजींनी आणला होता, लेकाच्या वाढदिवसाला. काचेची बरणी, तळाशी निळे खडे, प्लॅस्टिकचं एक रोप. मी तेव्हाच म्हटलं, भाऊजी, ह्याला वळायला तरी जागा आहे का? तर म्हणाले, "वहिनी, हा भातशेतातला मासा, डबक्यात राहतो, वर येऊन हवा घेतो. ह्याला काय स्विमिंग पूल लागतो?" सगळे हसले. आमचे हे सगळ्यांत मोठ्याने.

हवा घेतो हे खरं आहे. त्याच्या डोक्यात त्यासाठी खास अवयव असतो, म्हणून कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो तग धरतो. पण त्याच्याच घाणीतून होणाऱ्या अमोनियावर तो अवयव काय करणार? आणि थायलंडमधली भातखाचरं उथळ असली तरी बरणीएवढी नसतात हो!

दर रविवारी मी सगळं पाणी ओतून नळाचं भरायचे. तेही चूकच, क्लोरीन तसंच आत जायचं. त्या वर्षी गणपतीला सहा दिवस गावी गेलो, चावी शेजारच्या काकूंकडे. त्यांनी मायेने सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे टाकले. परत आलो तर पाणी तांदूळ धुतल्यासारखं, खड्यांत फुगलेल्या दाण्यांवर कापसासारखी बुरशी आणि मासा काचेला टेकून तिरका. शेपटी जुन्या साडीच्या काठासारखी विरलेली. दोन दिवसांत गेला. भाऊजी फोनवर म्हणाले, "फायटर तेवढंच जगतात, वहिनी." त्या रात्री मी लिटरच्या बाटलीने बरणी भरून पाहिली. दुसरी बाटली पुरती रिकामीसुद्धा झाली नाही.

आताची टाकी १८ बाय १० बाय १० इंचांची, काठोकाठ भरली तर २९ लिटरची. दुसऱ्या फायटरचं तिसरं वर्ष चालू आहे. भाऊजी अजून म्हणतात, एवढ्याशा माशाला एवढा बंगला! मासा त्यांना बघून कल्ले फुलवतो, मी काही शिकवलेलं नाही.

तर २० लिटरच्या खाली जाऊ नका. दहात भागतं म्हणणारे भेटतील. भागतं, पण पाणी बदलून बदलून तुम्हीच कंटाळाल. उंच घेऊ नका, आडवी घ्या, त्याला श्वासाला सारखं वर यावं लागतं. साधा स्पंज फिल्टर मंद चालवा, लांब पिसाऱ्याचा नर जोराच्या प्रवाहात दमतो. आठवड्याला पाव पाणी बदला, क्लोरीन घालवून. हीटर आपल्याकडे थंडीतल्या रात्रींपुरता.

टाकी मोठी घेतली म्हणजे झालं असंही नाही. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार-सहा आठवडे जातात, तोवर दाणे मोजूनच टाका. भरलेली टाकी तीस किलोच्या पुढे जाते, डुगडुगत्या स्टुलावर ठेवू नका. दोन नर एकत्र नकोत, हे तुम्हाला माहीत असेलच.

आणि झाकण घ्याच. फायटर उडी मारतो. आमचा एकदा ओट्यावरच्या ओल्या फडक्यात सापडला, म्हणून वाचला. हे मी भाऊजींना अजून सांगितलेलं नाही.