नॉर्वेत सगळ्यांकडे सेकंड होम असतं का? आणि टुरिस्ट म्हणून तिथं राहता येतं का?

तुम्ही विचारलंय की नॉर्वेतले लोक दुसरं घर इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतात का, आणि जूनमध्ये आई-बाबांना घेऊन येताय तर हॉटेलऐवजी तशा घरात राहावं का. मी 11 वर्षं ऑस्लोत आहे, जे बघितलंय त्यावरून लिहितो, जरा लांबेल.

इथं त्याला सेकंड होम कुणी म्हणत नाही, ह्युत्ते म्हणतात. 55 लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशात साधारण 4.5 लाख ह्युत्ते आहेत, म्हणजे स्वतःचं नसलं तरी बहिणीचं, सासऱ्यांचं, मित्राचं कुणाचं ना कुणाचं असतंच. मला पहिल्यांदा ऑफिसमधल्या एकाने ईस्टरला नेलं होतं. मी समजत होतो लोणावळ्याच्या बंगल्यासारखं काहीतरी असेल, तर दोन खोल्यांचं लाकडी घर, त्याच्या आजोबांनी हाताने बांधलेलं, नळ नाही, संडास बाहेर बर्फातून तीसेक पावलांवर, पाणी हवं तर पातेलंभर बर्फ स्टोव्हवर वितळवायचा. दिवसभर स्कीइंग, मध्येच उन्हात बसून संत्रं आणि क्विक लुन्श नावाचं चॉकलेट खायचं (ईस्टरला हे दोन्ही पाहिजेच, त्याशिवाय ईस्टर होत नाही), आणि संध्याकाळी खुनाच्या कादंबऱ्या वाचायच्या. तिथं एक वही असते, ह्युत्तेबोक, तिच्यात प्रत्येकाने लिहायचं, कोण आलं, बर्फ किती होता, छत कुठं गळतंय. त्याच्या आजीच्या हातच्या नोंदी होत्या तिच्यात. आणि निघताना त्याने लाकडं फोडून आणून ठेवली, स्टोव्हमध्ये बारीक ढलप्या रचून ठेवल्या, म्हणजे पुढचा जो कोणी थंडीत कुडकुडत येईल त्याने फक्त काडी ओढायची. मला तेव्हा कळलं की ह्या लोकांचा जीव ह्यात का अडकलेला असतो.

पण हे झालं जुनं ह्युत्ते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे बांधलं जातंय ते वेगळंच आहे. ट्रिसिल, हेमसेदाल, शूश्योएन अशा ठिकाणी डोंगरउतारावर आख्ख्या वसाहती, प्रत्येक घराला रस्ता, वीज, ड्रेनेज, बाहेर जकुझी. ट्रिसिलमध्ये तर स्थानिकांच्या घरांपेक्षा ह्युत्ते जास्त आहेत. इथं एक शब्द वापरतात, 'काल्दे सेंगर', म्हणजे थंड पलंग. हॉटेलचा पलंग रोज कुणीतरी वापरतं, तो गरम, आणि ह्युत्तेतला वर्षातले बरेचसे दिवस रिकामाच, तो थंड. शुक्रवारी संध्याकाळी गाव भरून जातं, मंगळवारी दुकानात चिटपाखरू नसतं, मग तिथल्या दुकानदाराने, रेस्टॉरंटवाल्याने काय करायचं?

त्यात मालकाचा इन्कम टॅक्स जातो तो जिथं राहतो त्या शहराच्या नगरपालिकेला. ह्युत्ते जिथं आहे तिथल्या नगरपालिकेने प्रॉपर्टी टॅक्स लावला असेल तर तेवढाच तिला मिळतो, पण पाहुणा आजारी पडला तर डॉक्टर, नर्स हे तिनेच बघायचं. हे कोरोनात फार स्पष्ट दिसलं. मार्च 2020 मध्ये सरकारने चक्क बंदी घातली की आपल्या नगरपालिकेबाहेरच्या ह्युत्तेत रात्री राहायचं नाही, कारण छोट्या गावांच्या दवाखान्यांवर एवढा ताण झेपला नसता. महिनाभर होती ती, म्हणजे ईस्टरसुद्धा गेला. माणसं अक्षरशः हळहळत होती.

मला सगळ्यात जास्त लागतं ते रेनडिअरचं. दक्षिण नॉर्वेच्या डोंगरांत युरोपातले शेवटचे जंगली पहाडी रेनडिअर आहेत, हार्डांगरविड्डा, रोंडाने ह्या भागात. ते ऋतूप्रमाणे चरायला जागा बदलतात, आणि रस्ते, धरणं, ह्युत्तेच्या वसाहती ह्यांनी त्यांच्या वाटा तुकड्यातुकड्यांत तोडल्यात. नॉर्वेच्या 2021 च्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्याच्या वाटेवर असलेल्या जीवांच्या यादीत, त्यांचं नाव आलं. माणसाला निसर्गाजवळ राहायचंय म्हणून तोच निसर्ग खोदायचा, हे मला पटत नाही, आणि आता बरेच नॉर्वेजियन लोकही हेच उघड बोलायला लागलेत.

तर इन्व्हेस्टमेंट म्हणाल तर नव्या वसाहतींत तसा हिशोब काही जण करतात, भाड्यानेही देतात, पण खूप मालक अजूनही परक्याला किल्ली देत नाहीत, त्यांच्या दृष्टीने ते घर आहे. विकत घ्यायचा विचार असेल तर एवढंच सांगतो, नॉर्वेत आणि स्वीडनमध्ये परदेशी माणूस साधं हॉलिडे होम घेऊ शकतो, फिनलंडमध्ये 2020 पासून ईयू आणि नॉर्वे-आइसलँडसारखे त्याला जोडलेले देश सोडून बाकीच्यांना संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते, आणि डेन्मार्क सगळ्यात कडक, तिथं समरहाउससाठी युरोपियन लोकांनाही सहजासहजी मिळत नाही.

आता तुमच्या ट्रिपचं. खाजगी ह्युत्ते घेण्यापेक्षा मी सांगेन की डेएनटीच्या ह्युत्तेत एक-दोन रात्री राहा. ही 1868 सालची ट्रेकिंग संस्था, देशभर 500 च्या वर ह्युत्ते, दगडांवर लाल रंगात 'टी' काढलेल्या वाटा त्यांच्याच. काहींत स्टाफ असतो आणि जेवण मिळतं, काहींत कुणीच नसतं, मेंबर झालं की किल्ली मिळते, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आत कपाटात पास्ता, डबाबंद खाणं भरलेलं असतं (सगळीकडे नाही), जे घ्याल ते लिहायचं आणि पैसे भरायचे, तपासायला कोणी येत नाही. माझे आई-बाबा आले होते तेव्हा बाबा ते कपाट उघडून कितीतरी वेळ नुसते बघत उभे राहिले होते.

आई-बाबांना चालणं झेपत नसेल तर स्टाफवालंच घ्या. ऑस्लो-बॅर्गन रेल्वेवर फिन्से स्टेशन आहे, 1222 मीटरवर, तिथं गाडीरस्ताच नाही, ट्रेननेच जायचं आणि ह्युत्ते स्टेशनपासून जवळच आहे. मात्र जूनमध्येही तिथं भरपूर बर्फ असतो आणि डोंगरातली बरीच स्टाफवाली ह्युत्ते जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे तारखा बघूनच विमानाची तिकिटं काढा. आणि तरीही खाजगी घेतलंत तर चादरी-टॉवेल बहुतेक वेळा स्वतःचे न्यावे लागतात, आणि निघताना घर पुसून, कचरा उचलून द्यायचं असतं, नाहीतर सफाईचे वेगळे पैसे. लाकडं वापरलीत तर टोपली परत भरून ठेवा.