दोन टुरिस्ट गाड्या, साठ हजारांची एफडी आणि ओबीडीचा डबा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकरोडच्या एका वाचकाकडे पिवळ्या पाटीच्या दोन गाड्या आहेत. २०१७ ची डिझेल एमपीव्ही (जास्त सीटांची मोठी गाडी) ते स्वतः चालवतात, तिचं रनिंग १ लाख ८० हजार किलोमीटर झालंय. २०२१ ची सीएनजी सेडान पगारी ड्रायव्हरकडे असते. भाडी शिर्डी, त्र्यंबक, वणी आणि मुंबई एअरपोर्टची. एका विक्रेत्याने त्यांना ‘स्मार्ट’ पॅकेज सांगितलंय: प्रत्येक गाडीला ७,५०० रुपयांचं ओबीडी उपकरण (गाडीच्या कॉम्प्युटरमधला डेटा आणि बिघाड वाचणारा डबा), वर दर वर्षी गाडीमागे ३,६०० रुपये, करार तीन वर्षांचा. बदल्यात इंजिनचा डेटा मोबाइलवर, १० टक्के इंधनबचत आणि २०२७ च्या सिंहस्थात गाडी बंद पडणार नाही असं आश्वासन. दुरुस्तीसाठी ठेवलेली ६० हजारांची एफडी यासाठी मोडू का, असं ते विचारतात.

एफडी मोडू नका. ओबीडी अ‍ॅडॉप्टर मात्र घ्या, पण एकच, साधारण दोन-तीन हजारांपर्यंतचा आणि मासिक-वार्षिक फी नसलेला.

आधी पॅकेजचा हिशेब. उपकरणांचे १५,००० आणि तीन वर्षांची फी २१,६००, म्हणजे ३६,६०० रुपये. ‘महिन्याला हजार रुपये फक्त’ हे ऐकायला हलकं वाटतं, पण तुमच्या एफडीतला निम्म्याहून मोठा घास तो आहे. मुदतीआधी मोडल्यावर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, तेही जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीच्या दरावर. हे नुकसान किरकोळ आहे. खरं नुकसान पुढचं: उपकरणाने उद्या बिघाड दाखवला, तर तो दुरुस्त करायला खिशात उरणार फक्त २३,४०० रुपये.

इंधनबचतीचा दावाही तपासून घ्या. एमपीव्ही महिन्याला ३,५०० किलोमीटर पळते आणि लिटरला १२ देते असं तुम्ही लिहिलंय. डिझेल नव्वद रुपये धरलं तर महिन्याचं बिल २६ हजारांच्या आसपास, त्याचे दहा टक्के म्हणजे २,६०० रुपये. ओबीडी अ‍ॅडॉप्टर इंजिनमधला डेटा वाचतो, इंजिन सुधारत नाही. गाडीत आधीच बिघाड असेल, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, एअर फिल्टर तुंबलाय, इंजेक्टर गळतोय, तरच तो सापडून अ‍ॅव्हरेज वाढेल. निरोगी गाडीत वाचवायला काही नसतंच. आणि अ‍ॅपवर दिसणारं अ‍ॅव्हरेज अंदाजी असतं. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा कट होईपर्यंत टाकी भरून किलोमीटरांना लिटरने भागायचं, ही जुनी रीतच जास्त भरवशाची.

मग अ‍ॅडॉप्टर कशाला? मुख्यतः एका आकड्यासाठी, तो म्हणजे कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा मुद्दाम ‘सुस्त’ ठेवलेला असतो. तापमान ८० असो की शंभरच्या पुढे, काटा मधोमध. तो हलायला लागतो तेव्हा गाडी तापून गेलेली असते. काही गाड्यांत तर काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा. अ‍ॅडॉप्टर थेट सेन्सरचा आकडा दाखवतो. मुंबईहून परतताना कसारा घाटात, किंवा नांदुरीवरून सप्तशृंगी गडावर सात माणसं आणि एसी घेऊन चढताना तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा किती असतो, तो एकदा लिहून ठेवा. सपाट हायवेवरचा आणि एसी लावून उभ्या गाडीचाही लिहा. पुढची सगळी गंमत या तीन आकड्यांत आहे.

उभ्या गाडीत तापमान चढतं आणि चालायला लागल्यावर उतरतं, तर पंखा, त्याचा रिले किंवा फॅन स्विच बघायचा. हायवेवर ठीक, घाटात चढतं आणि उतारावर पटकन खाली येतं, तर रेडिएटर आतून तुंबलाय किंवा कूलंट कमी आहे. सकाळी निघून दहा-पंधरा किलोमीटर झाले तरी ऐंशीला पोचत नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि डिझेल तिथेच जास्त जळतंय. अ‍ॅपमध्ये १०५ अंशांवर आवाजी अलार्म लावून ठेवा. चालवताना स्क्रीनकडे बघत बसू नका. एक धोका मात्र अलार्म पकडत नाही. होज फुटून कूलंट पार निघून गेलं, तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत लोंबकळतो आणि आकडा उलट खाली घसरतो. चढावर भरल्या गाडीत तापमान अचानक पडलं तर आनंदू नका, बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

होज किंवा थर्मोस्टॅट बदलायला हजार-दोन हजार लागतात. तापलेली गाडी ‘इगतपुरीपर्यंत तर जाईल’ म्हणून रेटली की हेड वाकतं, गॅसकेट जातं आणि डिझेल इंजिनच्या दुरुस्तीचं बिल चाळीस-पन्नास हजारांकडे सरकतं. वर आठ-दहा दिवस भाडी बुडतात. अ‍ॅडॉप्टरची किंमत वसूल होते ती इथे. पण त्यासाठी आकडा बघून थांबायची तयारी हवी, आणि थांबल्यावर दुरुस्तीला पैसे हवेत.

सेडानमध्ये उपयोग वेगळा आहे. तिथे लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. कॉम्प्युटर ठरलेल्या इंधनापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी टाकतोय, ते यातून कळतं. गरम इंजिनवर उणे-अधिक दहाच्या आत असलं तर ठीक. आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर वीस-वीस मिनिटं चालवून दोन्ही आकडे लिहा. पेट्रोलवर +३ आणि गॅसवर +१८ आलं तर बिघाड गॅसच्या बाजूला: फिल्टर, रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर. दोन्हीवर +१८ असेल तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा सेन्सर चुकतोय. हे दोन आकडे कागदावर घेऊन गॅरेजला गेलात की ‘ऑक्सिजन सेन्सर बदलून बघू’ हा प्रयोग तुमच्या खर्चाने होत नाही. बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर जो कोड नोंदवतो, तो म्हणजे बदलायच्या पार्टांची यादी नव्हे. पी०१७१ चा अर्थ मिश्रणात इंधन कमी पडतंय एवढाच. कारण फाटक्या व्हॅक्यूम पाइपपासून मळलेल्या एअरफ्लो सेन्सरपर्यंत काहीही असू शकतं.

सीएनजीवर स्पार्क प्लगवर ताण जास्त येतो. पी०३०० ते पी०३०४ हे मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचे, कोड. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि लवकरात लवकर गाडी थांबवा, कारण न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो पार्ट प्लगच्या कित्येक पट महाग आहे. ड्रायव्हरला एवढं एक वाक्य नीट समजावून सांगा, त्याला अ‍ॅप शिकवण्यापेक्षा ते कामाचं.

आता खरेदी. डबा ज्यात लावायचा ते सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगखाली असतं. भारतात ओबीडी-२ हे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ (धूर-प्रदूषणाचं मानक) गाड्यांना आलं, त्यामुळे तुमच्या दोन्ही गाड्यांत ते आहे. तीन-चारशे रुपयांचे निळे डबे ‘ईएलएम३२७ व्ही१.५’ नावाने विकतात. मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती. हे डबे जोडणी सोडतात, काही आज्ञा अर्धवट पाळतात, चार-पाच आकडे एकदम मागितले की अडखळतात. वीलिंकर, वीपीक, ओबीडीलिंक यांपैकी तुमच्या बजेटात बसणारं साधं मॉडेल बघा. आयफोन असेल तर ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला लागेल. अँड्रॉइडला साधं ब्लूटूथ चालतं, पेअरिंगचा पिन बहुधा १२३४ किंवा ००००. वायफायवाल्याचं नेटवर्क बऱ्याचदा पासवर्डविना उघडं असतं आणि मोबाइलचं इंटरनेटही अडकतं, म्हणजे नकाशा बंद. टुरिस्ट गाडीला ते परवडत नाही. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत संपायच्या आत दोन्ही गाड्यांवर लावून बघा.

लावताना इग्निशन ऑन, अ‍ॅपमध्ये दोन गाड्यांची दोन वेगळी प्रोफाइल, आणि एकाच वेळी तीन-चारच आकडे स्क्रीनवर. क्लचच्या पायाला डबा लागत असेल तर छोटी एक्स्टेन्शन केबल घ्या. एकच डबा आठवडाभर एमपीव्हीत आणि रविवारी तासभर सेडानमध्ये, एवढं पुरतं. काम झालं की काढून ठेवा. सॉकेटची सोळा नंबरची पिन थेट बॅटरीवर असते, चावी काढली तरी डबा वीज ओढतो. स्वस्त डबा ४० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास गेला. रोज पळणाऱ्या गाडीला जाणवत नाही, पण पावसाळ्यात भाडी नसताना सेडान तीन आठवडे उभी राहिली, तर ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून वीस निघून गेले आणि सकाळी स्टार्टर नुसता कटकट करेल.

कोड आला की आधी स्क्रीनशॉट घ्या, फ्रीज फ्रेमचा डेटा (कोड आला त्या क्षणी इंजिनचे आकडे काय होते ते) घ्या, मगच पुसायचा विचार करा. पुसल्यावर मेकॅनिकला शोधायला धागा उरत नाही. एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या अ‍ॅपवर बहुधा दिसत नाहीत. त्यासाठी गॅरेजचा मोठा स्कॅनरच लागतो. पुढेमागे जुनी गाडी घ्यायची वेळ आली तर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ जरूर बघा. विकणारा म्हणतो सहा महिने गॅरेजला नेली नाही, आणि अ‍ॅप सांगतं २२ किलोमीटर, तर समजायचं की काल कोणी तरी दिवा विझवलाय, किंवा निदान बॅटरी तरी काढली होती.

ड्रायव्हर गाडी कुठे फिरवतो हे बघायला पॅकेज घ्यावंसं वाटत असेल, तर तेही दुसऱ्यांदा विकत घेऊ नका. २०१९ पासून नोंदलेल्या टॅक्सीला एआयएस-१४० या मानकाचा लोकेशन ट्रॅकर केंद्राच्या नियमाने बंधनकारक आहे, म्हणजे सेडानमध्ये तो असायला हवा. त्याचं सिम चालू आहे का आणि लॉगिन कोणाकडे आहे, एवढं त्या ट्रॅकरच्या विक्रेत्याकडून काढून घ्या. विम्यात सवलत मिळेल असं सांगितलं असेल तर तुमच्या कमर्शियल पॉलिसीच्या कंपनीकडून लेखी मागा. वापरावर आधारित अ‍ॅड-ऑन २०२२ पासून आहेत, पण ते ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागापुरते. थर्ड पार्टीचा हप्ता त्याने हलत नाही. पगारी ड्रायव्हरांच्या पाच-सहा गाड्या असत्या तर मी पॅकेजकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं. दोनमध्ये, त्यातली एक स्वतः चालवताना, नाही.

पॅकेजऐवजी सिंहस्थाच्या गर्दीआधी एमपीव्हीवर खर्च करा: कूलंट बदलणं, रेडिएटर फ्लश, वरची-खालची होज, फॅन बेल्ट आणि बॅटरीची लोड टेस्ट. ही कामं महिन्याच्या कमाईतून दोन टप्प्यांत करा. शिवाय दर किलोमीटरमागे एक रुपया वेगळ्या खात्यात टाकत चला. एमपीव्हीचे ३,५०० आणि सेडानचे ३,००० धरून महिन्याला साडेसहा हजार होतात. आणि एफडीची मुदत संपेल तेव्हा साठची एकच करू नका, तीस-तीसच्या दोन करा. क्लच प्लेटसाठी वीस हजार लागले तर एकच मोडेल.