गाडीची पॉवर विंडो (बटणाने चालणारी काच) बंद? मोटर लगेच बदलू नकोस

अरे आधी बघ, एकच काच अडकलीय की सगळ्या. सगळ्या बंद तर फ्यूज बघ, फक्त ड्रायव्हरची चालते तर विंडो लॉकचं बटण दाबलेलं असेल. एकच असेल तर बऱ्याचदा दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटते, वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं म्हणून फसायला होतं, बटण दाबून धरून दार हलव, काच हलली की समज वायर तिथेच तुटलीय. नाहीतर मोटरचा कनेक्टर लावलेलाच ठेवून मागून, वायरच्या बाजूने, मोटरच्या दोन्ही वायरींना मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लाव, बटण दाबल्यावर १२ व्होल्टच्या आसपास येत असतील आणि मोटर गप्प असेल तरच मोटर बदल. ठाण्याच्या पावसात स्विचमध्ये पाणीही जातं, तो उघडून साफ कर. आणि प्लीज, जास्त अँपिअरचा फ्यूज कधीच टाकू नकोस, वायरिंग जळेल.